घाडीगावकरांची गॅलरी

आमच्या भागात कुठलाही वास आला की तो केमिकल कंपन्यांचा, असं समजून खिडकी लावून घ्यायची पद्धत आहे. डोंबिवलीत मानपाड्याच्या आतल्या बाजूला आमची बिल्डिंग. वाऱ्याने जरा दिशा बदलली की कधी कुजक्या अंड्यांचा, कधी नेलपॉलिशचा, तर कधी नुसताच घशाला झोंबणारा वास घरात शिरतो. त्यामुळे दोन आठवडे आमच्या स्वयंपाकघरात वास येत होता आणि वर्षा, म्हणजे माझी बायको, रोज तसं सांगत होती, तेव्हा मी रोज उठून खिडकी लावत होतो. एवढंच नाही, सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने कंपन्यांविरुद्ध एक खणखणीत तक्रार अर्जही खरडलेला.

अशात एका रविवारी चौथ्या मजल्यावरचे घाडीगावकर काका गच्चीच्या कुलपाबद्दल भांडायला आले. तोवर आमची ओळख जिन्यातली, तीही मान हलवण्यापुरती. ते दारात उभे राहिले, कुलपाबद्दल अर्धं वाक्य बोलले आणि थांबले. नाक वर केलं. मग चपला काढून, मला बाजूला सारून, थेट स्वयंपाकघरात गेले. वर्षा कणीक मळत होती. तिला म्हणाले, "वहिनी, शेगडी बंद करा आणि खिडकी उघडा."

"अहो काका, खिडकी उघडली तर कंपन्यांचा वास येईल," मी म्हणालो.

काकांनी शर्टाच्या खिशातून दाढीचा छोटा ब्रश आणि क्रीमची चपटी डबी काढली. डबीत साबणाचा फेस. ओट्याखाली वाकून त्यांनी तो सिलेंडरच्या रेग्युलेटरला फासला. आम्ही तिघंही उकिडवे बसून बघत राहिलो. थोड्या वेळाने फेसात एक बुडबुडा आला, हळूहळू फुगला, फुटला. त्याच्या जागी दुसरा.

"कंपन्यांचा ना?" काका म्हणाले. "ही तुमचीच कंपनी आहे, सेक्रेटरी."

वर्षाने त्यानंतर माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून पूर्ण उतरलेली नाही.

काकांची शरीरयष्टी वाळक्या शेंगेसारखी. कान मोठे. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पांढरट, मेल्यासारखी. ती फ्रीजमधल्या गॅसने भाजलेली होती. थंडीनेही भाजतं, हे मला त्या बोटांनी शिकवलं. सगळी हयात त्यांनी फ्रीज, एसी आणि कोल्ड स्टोरेज दुरुस्त करण्यात घालवलेली. मूळ गाव सिंधुदुर्गात, पण डोंबिवलीत येऊन इतकी वर्षं झालेली की मालवणी फक्त काकींशी बोलताना, आणि तीही चिडल्यावरच बाहेर यायची. माझ्याशी ते 'अहो सेक्रेटरी' म्हणून बोलायचे. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी कशी मिळाली, ते मला सुमनकाकींनी सांगितलं. काका स्वतःबद्दल फारसं बोलत नसत. बोलायचे ते पाइप, व्हॉल्व्ह आणि जॉइंट याबद्दल.

"रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधी कंपनीने ह्यांना ठाण्याला ट्रेनिंगला पाठवलेलं," काकी म्हणाल्या. "मोठ्या हॉटेलात. मी म्हटलं, ट्रेनिंग कसलं, जेवायला जा. तर हा माणूस दुपारी तीन वाजता घरी हजर. उपाशी! म्हटलं, जेवण नव्हतं? तर म्हणे, होतं. जिलबी होती. आणि तसाच जाऊन आडवा झाला. जिलबी टाकून घाडीगावकर घरी येतो, तेव्हाच म्हटलं, काहीतरी मोठं बिनसलंय."

झालेलं असं, की तिथे एका तरुण मास्तरीणबाईंनी सांगितलं, तुम्ही एसी उघडताना जो गॅस हवेत सोडता, तो वर जाऊन उष्णता धरून बसतो. गाड्यांच्या धुरापेक्षा कितीतरी पटीने जास्त. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. काकांनी हात वर केला आणि विचारलं, "बाई, आणि आधी सोडलेला?"

"तो आहे वर," बाई म्हणाल्या.

बस, एवढंच. पण काकांच्या प्रत्येक कामाची सुरुवात तीस-पस्तीस वर्षं त्यानेच होत आलेली. व्हॉल्व्हवर पाना लावायचा, एक पीळ, आणि सूंऽऽ करून सगळा गॅस मोकळा. "तो आवाज आला की बरं वाटायचं हो," ते मला एकदाच म्हणाले. "देवापुढे नारळ फोडल्यासारखं. आता काम सुरू."

तेव्हा मी स्वतःही पर्यावरणाच्या लढ्यात होतो. म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी पृथ्वी रडतेय असं चित्र टाकत होतो. ऑफिसला कापडी पिशवी नेत होतो आणि येताना तिच्यातून प्लॅस्टिकच्या डब्यातलं पनीर आणत होतो. पर्यावरण दिनाला मी प्रत्येक घराला एक तुळशीचं रोप वाटायचा कार्यक्रम ठेवला. रोपं प्लॅस्टिकच्या कुंड्यांत होती, ही गोष्ट माझं भाषण संपल्यावर आमच्या मुलीने सगळ्यांदेखत निदर्शनाला आणली. काका रोप न घेताच निघाले.

"अहो काका, तुळस!"

"नको. माझ्या हातची तुळस मरते," ते म्हणाले. "मला झाडं येत नाहीत, सेक्रेटरी. भाषण येत नाही. मला गॅस येतो. ज्याला जे येतं त्याने त्यातलं करावं. तुम्हाला काय येतं?"

मी हसून विषय बदलला. घरी येऊन विचार केला, तर मला अर्ज लिहिता येतात, याउपर काही सुचेना.

काकांनी जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर एका फळीवर बसवून, त्याला नळ्या, दाब दाखवणारी घड्याळं आणि सुटकेसची मूठ लावून एक यंत्र बनवलेलं. एका बाजूला एसी जोडायचा, दुसऱ्या बाजूला रिकामा सिलेंडर. यंत्र तासभर घरघरायचं आणि एसीतला गॅस ओढून सिलेंडरमध्ये भरायचं. बिल्डिंगमध्ये कुणाचा एसी बदलायचाय, बिघडलाय, असं नुसतं कानावर आलं की काका ते यंत्र उचलून हजर. काकी त्या यंत्राला नावाने हाक मारत नसत. "ती आली का वर, की खालीच ठेवलीत?" एवढंच विचारायच्या.

एसी काढायला आलेले मेकॅनिक वैतागायचे. "अंकल, दो मिनिट का काम है, आप एक घंटा लगाते हो."

"दो मिनिट का है म्हणूनच ही वेळ आली ना," काका म्हणायचे आणि फतकल मारून बसायचे. मेकॅनिकला पुढची तीन घरं करायची असायची. पण दारात बसलेल्या म्हाताऱ्याला ओलांडून जायचं कसं? काहीजण त्याच्यासोबत चहा पिऊन निघायचे. एकाने तर जाताना पाया पडून घेतलं आणि खालच्या मजल्यावर जाऊन बिनधास्त गॅस सोडला.

"सोडणं सोपं हो," काका म्हणायचे. "धरून ठेवायचं बोला."

आणि धरून ठेवलेलं ठेवायचं कुठे, हाच पुढे प्रश्न झाला.

भरलेले सिलेंडर त्यांच्या गॅलरीत उभे राहायला लागले. आधी एक, मग दोन, मग पाच. काकांची समजूत अशी की गॅस धरणं हे अवघड काम. पुढे तो शुद्ध करायला किंवा नष्ट करायला घेणारं कुणीतरी असेलच. ते फोन करत राहिले. कुणी म्हणालं टनात आणा. कुणी म्हणालं कंपनी असाल तरच. कुणी नुसतंच होल्डवर ठेवून गाणं ऐकवलं. मी सुचवलं, "दुसऱ्या कुणाच्या एसीत भरून टाका की."

"जळक्या कॉम्प्रेसरचा गॅस आहे हा, त्यात आम्ल असतं. दुसऱ्याच्या मशिनीत घातला तर तीही मरेल. मग तिच्यातलाही जाणार हवेत."

म्हणजे गॅस वापरता येत नाही, कुणी घेत नाही, सोडायचा नाही. आणि वर स्लॅबखालचं घर. एप्रिल-मेमध्ये गॅलरीत ऊन यायचं, तसा सिलेंडरमधला दाब वाढणार, म्हणून काका दिवसातून चार वेळा गोणपाट भिजवून त्यांच्यावर घालायचे. गॅलरीचं दार वीतभरापलीकडे उघडत नसे, कारण दारालाच सिलेंडर टेकलेले. दुसऱ्या बाजूच्या खिडक्या कंपन्यांच्या वासामुळे बंद. एकदा दुपारी मी वर गेलो, तर काकी पंख्याखाली लादीवर बसलेल्या, पदराने मान पुसत.

"बघ रे," त्या मला म्हणाल्या, "चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या डोक्यावर कधी ओलं फडकं ठेवलं नाही ह्यांनी. सिलेंडरचे लाड बघ."

"तुका ताप इलेलो तेव्हा कोणी ठेवल्यान?" आतून आवाज आला.

"ता माझ्या आवशीन!" काकी ओरडल्या.

एवढ्या मोठ्या एसी मेकॅनिकच्या घरात एसी नव्हता. काकी मागत नव्हत्या असं नाही. काका 'बघू' म्हणायचे.

आता मला ते सांगायला हवं, जे टाळता आलं तर मी टाळलं असतं.

आमचा एसी जुना झालेला. वर्षाच्या आईने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, फर्मान काढलं की नवा घ्यायचा तर अक्षय्य तृतीयेलाच. त्या दिवशी घरात आलेली वस्तू वाढते, टिकते. दुकानात जुना देऊन नवा घ्यायची योजनाही त्याच दिवसापुरती. मी काकांना आदल्या आठवड्यात सांगून ठेवलेलं. पण नेमकं त्या सकाळी काकींना तपासणीसाठी ठाण्याला न्यावं लागलं. निघताना काका माझ्या दारात आले. "दुपारी दोनपर्यंत येतो. तोवर हात लावू देऊ नका."

"अजिबात नाही, काका."

मेकॅनिक साडेअकराला आला. सासूबाई सोफ्यावर पंचांग घेऊन बसलेल्या. "मुहूर्त साडेबारापर्यंत आहे हो जावईबापू." मेकॅनिक म्हणाला, "सर, अभी नहीं तो परसों." वर्षा माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत कुठलीच बाजू नव्हती, फक्त कुतूहल होतं. मी तिथून उठून आत गेलो आणि मेकॅनिकसाठी चहा टाकला. आधण उकळत असताना तो आवाज आला. सूंऽऽ. वाटलं होतं त्यापेक्षा बराच वेळ चालला. मी चहात साखर घालून ढवळत राहिलो.

काका दोन वाजता यंत्र घेऊन दारात. नवा एसी सुरू होता, सासूबाई शाल गुंडाळून बसलेल्या.

"काका, तो रिकामाच होता," मी म्हणालो. "मेकॅनिक म्हणाला, गॅस आधीच गळून गेलेला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे जुन्या पाइपाचं टोक होतं, त्याच्याभोवती तेलाचा ताजा, ओला शिंतोडा उडालेला. गॅसबरोबर तेल उडतं, हे मला नंतर कळलं.

"अक्षय्य तृतीयेला सोडलात," ते शांतपणे म्हणाले. "राहील तो. चांगला टिकेल."

आणि यंत्र उचलून आमच्या तळमजल्यावरून चार मजले चढून गेले. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही.

ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलायला लागले, पण 'सेक्रेटरी' म्हणाले नाहीत. मला ते इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात काकी चक्कर येऊन पडल्या. स्वयंपाकघरातच, भाकरी करताना. डॉक्टर घरी येऊन गेले. बंद खिडक्यांकडे, तापलेल्या स्लॅबकडे पाहून ते काकांवर उखडले. "यांना थंडाव्यात ठेवा. एसी लावा. आजच्या आज. पुढच्या वेळी मी येऊन काही उपयोग होणार नाही." खोलीत मी होतो, खालची दोन घरं होती. सगळे काकांकडे बघायला लागले, जसं काही काकी त्यांनीच पाडल्या.

एसी काकांकडे होता. कुणीतरी टाकून दिलेला, त्यांनी दुरुस्त करून कपाटावर ठेवलेला. अडचण वेगळी होती. एसीचा बाहेरचा भाग बसवायला घरात एकच जागा: गॅलरी. आणि गॅलरीत पाच सिलेंडर. गच्चीवर ठेवायला चेअरमनसाहेबांची सक्त मनाई. आमच्याकडे सिलेंडर या शब्दाला लोक दचकतात. कंपन्यांच्या बाजूला मोठा आवाज झाला की आधी खिडकीच्या काचा बघायच्या आणि मग माणसं मोजायची, अशी आम्हाला सवय. त्यांचंही चूक म्हणता येत नव्हतं.

"सोडून द्या ना काका," तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीवहिनी कळवळून म्हणाल्या. "गॅसच तर आहे. जीव मोठा की गॅस?"

त्याच्या दोनच दिवस आधी काका माझ्याबरोबर ठाण्याला प्रदूषण खात्याच्या कचेरीत गेलेले. सिलेंडरांचं सांगितलं तर तिथल्या साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. त्यावर रकाने होते: कंपनी, कारखाना, संस्था. "आपण कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी सुधाकर घाडीगावकर."

"तसं नाही. यातलं कोण?"

"मी एकटाच आहे," काका म्हणाले.

साहेब वाईट नव्हता. त्याने खरंच पेन घेऊन फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. "एकट्यासाठी रकाना नाही हो. सोसायटीचं पत्र आणा. लेटरहेडवर, शिक्क्यासह. गॅस सोसायटीचा आहे म्हणून. मग ज्यांच्याकडे नष्ट करायची सोय आहे, त्यांच्याकडे एकदा पाठवता येईल."

येताना माजिवड्याला रिक्षात अडकलेलो असताना काकांनी माझ्याकडे पाहिलं होतं. मागितलं काही नाही. आणि मी म्हणालो होतो, "पुढच्या मीटिंगला विषय ठेवतो." पुढची मीटिंग सव्वा महिन्यावर होती. गॅस सोसायटीचा म्हटलं की जबाबदारी सोसायटीची. चेअरमनसाहेब माझी चटणी करणार, हे मला दिसत होतं.

तर त्या दिवशी डॉक्टर गेल्यावर, लोक पांगल्यावर, मी पाण्याची बाटली द्यायला परत वर गेलो. काकी आत पलंगावर, डोळे मिटून. काका गॅलरीत. दार कसंबसं वीतभर उघडून ते तिरके आत शिरलेले आणि सिलेंडरांमध्ये उकिडवे बसलेले. पहिल्या सिलेंडरच्या व्हॉल्व्हवर पाना लावलेला. हात पान्यावर. किती वेळ तसे बसलेले, कोण जाणे. पाठीवरचा शर्ट पूर्ण ओला झालेला.

मी बाटली खाली ठेवली. काकीच बोलल्या, डोळे न उघडता.

"हात लावशात तर बघा."

"मगे काय करू? तूच सांग."

"माका ठाऊक नाय. मी काय तुमच्या ट्रेनिंगाक नाय गेलंय. पण उद्या मी गारव्यात निजान आणि तुमी तोंड पाडून बसतलात, ता माका नको."

मी खाली आलो. लेटरहेड कपाटातच असतं. 'सदर गॅस हा आमच्या सोसायटीच्या ताब्यातील असून' असं लिहिलं. वाक्यरचना उत्तम झाली, हे मी कबूल करतो. खाली सही, शिक्का. चेअरमनसाहेबांना विचारलं नाही. वर्षा मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "'ताब्यातील' ऐवजी 'मालकीचा' लिही. नाहीतर ते परत पाठवतील." मी दुसरा कागद घेतला.

सिलेंडर तिसऱ्या दिवशी गेले. घेणाऱ्यांनी पावतीवर लाल अक्षरात शेरा मारला: फक्त एक वेळ. काकांनी ती पावती बराच वेळ वाचली. पाच रिकामे सिलेंडर त्यांना परत मिळाले, ते पलंगाखाली गेले. त्याच संध्याकाळी गॅलरीत एसी बसला. काकांनी त्याच्या प्रत्येक जॉइंटला फेस लावून पाहिला, मग पुन्हा पाहिला, मग मला पाहायला लावला.

"काका, एसी लावलात शेवटी," मी जरा चेष्टेने म्हणालो.

"मी थंडाव्याच्या विरुद्ध कधी होतो, सेक्रेटरी? मी गळतीच्या विरुद्ध आहे."

मला 'सेक्रेटरी' परत मिळालेलं. चेअरमनसाहेबांनी नंतर मीटिंगमध्ये जी काय माझी पूजा बांधली, ती त्या आनंदात निभावून नेली.

मग बिल्डिंग पाडायचं ठरलं. ठरलं म्हणजे आठ-दहा वर्षं ठरतच होतं. पण बिल्डरने एकाएकी तारीख दिली आणि बत्तीस बिऱ्हाडांना एकदम बाहेर पडायचं झालं. कुणी कल्याणला, कुणी पलीकडच्या गल्लीत भाड्याने. काका-काकी लेकीकडे, बदलापूरला. आता बत्तीस बिऱ्हाडांचे एसी किती, हे मी मोजलं नाही. काकांनी मोजले असणार. माझ्याकडे येऊन ते एवढंच म्हणाले, "एका एसीला तास लागतो. लोकांना सांगता का जरा, रोज थोडे थोडे काढा म्हणून?"

मी ग्रुपवर टाकलं. नोटीस लावली. घरोघर जाऊन सांगितलं. सगळ्यांनी अंगठे पाठवले, हात जोडलेले पाठवले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण टेम्पो सगळ्यांचे शेवटच्या दोन दिवसांतलेच ठरलेले, मेकॅनिक तेव्हाच मिळत होते, आणि नव्या घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी लहान पोरांना, म्हाताऱ्यांना एसी हवाच होता. शेवटच्या दिवशी सकाळपासून दोन्ही विंगच्या जिन्यात पाने, शिड्या, दोर. आणि तो आवाज. कधी वरून, कधी समोरच्या विंगमधून, कधी एकदम दोन ठिकाणांहून.

काकांनी धावाधाव केली नाही. आदल्या दिवशी पहाटे सुरुवात केलेली. एक घर पुरं झालं की दुसरं. पाचांतला शेवटचा सिलेंडर आता तिसऱ्या मजल्यावर जोशींकडे लावलेला. जोशी कुलूप न लावताच निघून गेलेले. लावायला दारही राहिलं नव्हतं. भंगारवाल्याने दारं, ग्रिल आणि सरकत्या खिडक्या चौकटींसकट काढून नेलेल्या. एसी तेवढा दुपारी मेकॅनिक नेणार होता.

मी वर गेलो ते निरोप घ्यायला. रिकाम्या हॉलमध्ये काका खिडकीच्या भोकाशी लादीवर बसलेले, यंत्र घरघरत होतं. त्यांचा उजवा हात सिलेंडरवर. तेवढ्यात डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, सूंऽऽ सुरू झालं. काकांच्या मानेची शीर ताठ झाली. उठायचं म्हटलं तर हे अर्धवट सुटणार. ते उठले नाहीत. यंत्राच्या घड्याळावरची नजरही त्यांनी काढली नाही.

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. सामान केव्हाच भरून झालेलं, काकी पुढच्या सीटवर बसलेल्या, मीच त्यांना हात धरून बसवलेलं. मी म्हणालो, "काका, काकी खाली उन्हात आहेत."

ते काही बोलायच्या आत जिन्यातून धापा ऐकू आल्या. काकी. तीन मजले, कठड्याला धरून. आत आल्या, भिंतीला पाठ लावून श्वास घेतला. वरचा आवाज अजून चालूच होता. त्यांनी छताकडे पाहिलं, मग काकांकडे. मला वाटलं, आता बरसतील.

"किती ऱ्हवलो?" त्यांनी विचारलं.

"अर्धो तास."

"होवंदे." त्या हळूच खाली बसल्या, काकांच्या शेजारी, पाय लांब करून. मग मला म्हणाल्या, "जा बाबा, त्या टेम्पोवाल्याला सांग. आणि त्याला काहीतरी खायला दे. सकाळपासून आहे तो."

मी खाली उतरलो. टेम्पोवाल्याला वडापाव दिला, अर्धा तास म्हणून सांगितलं. तो कपाळाला हात लावून फुटपाथवर बसला. मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर जिथे जोशींची लादीपर्यंतची सरकती खिडकी होती, तिथे आता भिंतीत चौकोनी भोक होतं, आणि त्यातून आत दोन पांढरी डोकी दिसत होती, घड्याळावर वाकलेली.